पाचशे बारा कोअर आणि एक हिरवी पट्टी

“चौघांत निभावलं म्हणून चारशेंना जेवायला बोलावू नकोस गं बाई!” सासूबाई सांगत असत. त्या दिवशी साडेबारा वाजता वहिनींना ते आठवलं, आणि त्यांनी ते झटकूनही टाकलं! प्रयोगशाळेत सगळे त्यांना वहिनीच म्हणत.

नवं यंत्र होतंच तसं. पाचशे बारा कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे पाचशे बारा मेंदू, आणि सगळ्यांत मिळून मेमरी एकच! त्यांना कामं वाटून देणारा प्रोग्राम वहिनींचा.

“साहेब, पुराचा अंदाज आठ कोअरवर चार तास घेतो. आज एकच्या आत काढून दाखवते!”

“नाहीतर यंत्र माझ्या विभागाला,” शेजारच्या विभागाचे भाऊ म्हणाले. त्यांनी जागेचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं. साहेबांनी मान डोलावली.

दहा मिनिटं झाली. पडद्यावरची हिरवी पट्टी दोन टक्क्यांवर!

“वहिनी, आत गोगलगाय पाळलीय का?” भाऊ म्हणाले.

वहिनींनी प्रोग्राममध्ये डोकावून कपाळावर हात मारला. साहेबांना सरकती पट्टी आवडते, म्हणून वहिनींनीच प्रत्येक कोअरला बजावलं होतं, कणभर काम झालं की एका सामायिक आकड्यात एक मिळव. आठ जणांत ते खपलं. इथे स्वयंपाकी पाचशे बारा आणि मिठाची बरणी एक! एकाने चिमूट घ्यायची, बाकीच्यांनी हात चोळत उभं राहायचं!

“आता ज्याने त्याने आपल्यापाशी मोजायचं, बेरीज शेवटी!” वहिनींनी घाईघाईने बदल केला. काम भरधाव सुटलं. पट्टी मात्र बेरजेची वाट बघत शून्यावरच.

साहेबांनी ते शून्य पाहिलं. “अरेरे, बंद पडलं!” म्हणत त्यांनी परोपकारी बोटाने सगळं थांबवलं.

“साहेब! होतच आलं होतं हो!”

“मग पट्टीने सांगायला नको?”

बारा पन्नास. वहिनींनी पुन्हा सुरू केलं. साहेब स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून बसले. वहिनी डोळे मिटून पुटपुटल्या, “निकाल येऊ दे रे देवा. भाऊंचा प्रोग्रामही मी स्वतः याच यंत्रावर चालवून देईन.”

एकाला एक मिनिट कमी, आणि निकाल हजर! साहेबांनी टाळ्या पिटल्या. वहिनींनी खुर्चीसकट गिरकी घेतली!

“वहिनी,” भाऊ हळूच म्हणाले, “ते पुटपुटणं ऐकलं बरं का मी.”

“दिला शब्द तो दिला, भाऊ. तुमच्या प्रोग्राममध्ये असे सामायिक आकडे कितीसे आहेत?”

“फार नाहीत हो. सतराशे!”

वहिनींनी जेवायला उघडलेला डबा पुन्हा बंद केला, पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या भाऊंच्या मागून चालू लागल्या.