काळी-तांबडी हंडी

त्या सोमवारी सकाळी विश्वनाथ सर 'ह'पर्यंत पोचले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलांसाठी प्राचीन इतिहासातल्या शब्दांचा कोश लिहायला घेतला होता. मुलगी नीला डबा भरत असली, की ते तिच्या मागे उभे राहून वाचून दाखवत.

"हर्मिका. स्तूपाच्या माथ्यावरचा चौकोनी कठडा. पोट्ट्यांना समजेल ना वं?"

"बाबा, माझी ऑफिसची बस सुटून राहिली. संध्याकाळी ऐकते."

"ऐकजो. घाई नाही."

दुपारी सर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

पुढचे दिवस नीलाला पाण्याखालून पाहावेत तसे दिसत होते. माणसं येत, ओठ हलवत, चहा पिऊन जात. बाराव्या दिवशी मात्र खरोखरच पाणी आलं. तेरवीचा मांडव घालणाऱ्यानं अंगणात पहार ठोकली, ती थेट नळाच्या पाइपात. कारंजं उडालं, त्यात क्षणभर इंद्रधनुष्य उभं राहिलं आणि नीला ते बघतच राहिली. कुणीतरी मेन कॉक बंद केला. घरात थेंब नाही आणि उद्या दीडशे पानं.

प्लंबर प्रेमानंद खणायला लागला. हातभर खोलीवर कुदळीला खापर लागलं. शेजारचे चंपतराव कुंपणापलीकडे उभे होते. सात वर्षं ते रोज संध्याकाळी सरांकडून एकेक शब्द शिकत आले होते. ते धावतच आले.

"थांब गा! हात नको लावू!" त्यांनी खापर उन्हात धरलं. "आतून काळं, बाहेरून तांबडं. काळी-तांबडी मृद्भांडी! शिलावर्तुळं रचणाऱ्या लोकायची. अडीच हजार वर्षं कुठं नाही गेली!"

"काका, अर्ध्या तासाचं काम आहे," प्रेमानंद म्हणाला. "ते लोकं काही भांडं मागाले येऊन नाही राहिले."

"म्हणूनच त आपण जपाचं!" चंपतरावांनी खुर्ची आणवली आणि खड्ड्याच्या तोंडाशी ठाण मांडलं. "पुरातत्त्ववाले येऊन पाहीपर्यंत कुदळ चालणार नाही. आज ऑफिस बंद झालं. सोमवारी फोन लावतो."

"काका, तेरवी उद्या आहे."

"सर असते त त्यायनं स्वतःची तेरवी पुढं ढकलली असती!"

हे इतकं खरं होतं, की नीलाला हसू फुटलं. बारा दिवसांतलं पहिलं.

मग तिनं समजावून सांगितलं. शाळेच्या मुलांना उत्खनन शिकवायला सर घरातली फुटकी भांडी याच अंगणात थराथरानं पुरत. "तुम्ही इथं राहायला आलात त्याच्या आधी. आणि ही आमचीच हंडी आहे. वीस वर्षांपूर्वी डाळ करपली होती तिच्यात."

"ते मले ठाऊक आहे. सरायनंच करपवली ना? सांगत मले. वहिनी बारशाले गेल्या, अन् हे वाचता वाचता डाळ विसरले. वहिनीनं मरेपर्यंत त्यायले गॅसजवळ फिरकू देलं नाही. पण ती हंडी अलग असन. हे पाह्य." खापराच्या आतल्या अंगाला तिरप्या रेघा होत्या. "खुणा करत ते लोकं भांड्यावर. लिपीच्याही आधीचं लिहिणं!"

"उलथन्याच्या रेघा आहेत त्या," नीला म्हणाली. "मीच खरवडत होते. आई यायच्या आत."

चंपतरावांनी खापर उलटंसुलटं केलं. पुरावा जिकडे नेईल तिकडे जायचं, हे सरांनीच त्यांना शिकवलं होतं.

"करपवली सरायनं," ते हळूच म्हणाले, "मंग खरवडत तू काहून होती?"

संध्याकाळचं ऊन ओल्या मातीवर सांडलं होतं. नीलाला धूर दिसला, ओट्यावर पालथी ठेवलेली कादंबरी दिसली, फाटकाशी आईची चाहूल लागली. आणि हाताशी येईल ते पहिलं नाव घेणारा स्वतःचा एकोणीस वर्षांचा आवाज ऐकू आला.

चंपतराव खुर्चीवरून उठले. प्रेमानंदनं कुदळ उचलली, पण मारली नाही. नीला खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली.

"डाळ मी करपवली होती, बाबा," ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की शिडीवरच्या मांडववाल्यानं वळून पाहिलं. "तुम्ही तर तेव्हा घरीसुद्धा नव्हतात."