गंजभर सायडर आणि आनंदरावांचा तपास

आनंदराव स्वतःविषयी फारसे बोलत नसत. वेळ आलीच तर एवढेच सांगत की नजर घारीची, कान सशाचे आणि मेंदू असा की झोपताना बंद करावा लागतो. हिंगण्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर असताना त्यांनी साहेबांचा हरवलेला चष्मा शोधून काढला होता. तो आनंदरावांनीच घातला होता, हा तपशील ते नम्रपणे वगळत.

त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधली रुचिका दुपारी रडत आली तेव्हा ते तयारच होते.

"काका, माझं सायडर चोरीला गेलं!"

संध्याकाळी सोसायटीच्या मेळ्यात तिचा पहिलाच स्टॉल होता. कळमन्याच्या बाजारातली सफरचंदं सालासकट चिरून, दालचिनी, लवंग, सुंठ आणि गूळ घालून तिने काल ती मंद आचेवर उकळली होती, आणि गाळलेलं सायडर मोठ्या गंजात मुरत ठेवलं होतं. आज झाकण काढलं तर तळाशी जेमतेम दोन पेले. स्टॉलचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी, म्हणजे वच्छलाबाईंनी, तिच्या हातच्या एकाही पदार्थाला बरं म्हटलं नव्हतं. आज चारचौघांनी वाखाणलं असतं तर ते त्यांच्या कानावर गेलं असतं. भिंती पातळ असल्यामुळे आनंदरावांना हे सगळं ठाऊक होतं.

तिच्या घरी जाऊन त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराला कपडे वाळवायची दोरी आडवी बांधली.

"काका, आत गॅसवर दूध आहे."

"त्याले साक्षीदार समज. अन् सांगतो, हा संत्रेवाल्यांचा कट हाय! संत्र्याच्या शहरात सफरचंदाचा रस?"

"पण मीच त्यात संत्र्याची साल टाकली होती."

"पाह्य! म्हणजे त्यांचा हात घरात पोचला."

तेवढ्यात जिन्यावरून वरच्या मजल्यावरचे मारोतराव गात गात उतरले. चेहरा लाल, कपाळावर घाम, तोही डिसेंबरात! आनंदरावांनी त्यांची वाट अडवली.

"काहून गाऊन राहिले?"

"चार दिवसांनी नाक मोकळं झालं गा. गाणं गुन्हा हाय का?"

"प्यालेला माणूस असाच बोलते," आनंदराव रुचिकाच्या कानात म्हणाले.

"काका, त्यात नशा नाहीच!"

"सफरचंदाच्या मनातलं तुले काय ठाऊक?"

मग वच्छलाबाईंची चौकशी. त्या हॉलमध्ये तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आनंदराव समोर बसले आणि नेमके खोकले.

"काहून खोकलून राहिले भाऊ? घ्या, काढा घ्या." त्यांनी थर्मासमधून गरमागरम पेला भरून दिला.

आनंदरावांनी तो संपवला, दुसरा मागून घेतला आणि मिशी पुसून विचारलं, "ताई, घरातलं सायडर गेलं. संशय कोणावर?"

"ते काय असते, मले माहीत नाही. पोरगी मात्र रडून राहिली बिचारी."

इतक्या मायेने काढा पाजणारी बाई निर्दोष, हे आनंदरावांनी जागच्या जागी ठरवलं. म्हणजे उरली एकच शक्यता. रुचिका झोपेत चालते आणि स्वतःच पिते! ते घसा खाकरून हे जाहीर करणार, तोच त्यांची बायको कौसल्या स्टीलचा डबा घेऊन आत आली.

"घ्या वं ताई, तुमचा डबा. छाती मोकळी झाली. सूनबाईच्या हातचा काढा लय मस्त!"

रुचिकाने थर्मास उघडून वास घेतला. "आई, हा काढा नव्हता..."

"सुंठ, लवंग, दालचिनी, गूळ. मग काय होता? बिल्डिंग खोकलून राहिली म्हणून तू न सांगता गंजभर करून ठेवला. मी सकाळपासून घरोघरी वाटला. दारादारात सांगतलं, माही सून गुणाची हाय."

रुचिका आता नव्याने रडू लागली. हे रडणं वेगळं आहे एवढं मात्र आनंदरावांना कोणाच्या मदतीशिवाय कळलं, आणि त्यांनाही भरून आलं. "आतल्या माणसाचा हात हाय, हे मी म्हटलंच होतं," ते पुटपुटले. कौसल्याने त्यांच्या हातात पिशवी देऊन त्यांना चौकातल्या गाडीवर सफरचंदं आणायला पिटाळलं.

त्यांनी दार उघडलं तर बाहेर मारोतराव उभे, हातात रिकामा पेला. मागे अर्धी बिल्डिंग.

"वच्छलाबाई, काढा उरला का?"

वच्छलाबाई सुनेला घेऊन दोरी ओलांडून स्वयंपाकघरात शिरल्या, तिच्या हाती विळी दिली आणि तिथूनच ओरडल्या, "संध्याकाळी स्टॉलवर या! अन् काढा नका म्हणू त्याले. सूनबाईचं सायडर हाय, सायडर म्हणा!"