शांतता उचलणारी पेटी

अकरा नोव्हेंबरच्या सकाळी पावणेअकराला टेगन स्टुडिओत यादीतल्या एकाच ओळीवर तिसऱ्यांदा खूण करत होती. 'शांततेची घंटी बंद.' खूण केली, उठली, मागच्या खोलीत जाऊन बटण खरंच खाली आहे ना ते पाहिलं, परत येऊन बसली आणि पुन्हा उठली. मागच्या खोलीत यंत्रांच्या कपाटाशेजारी तिचा तेरा महिन्यांचा मिलो झोपला होता. पाळणाघरानं शेंबडं पोर ठेवून घ्यायला साफ नकार दिला होता. यंत्रांच्या पंख्यांची घरघर मात्र त्याला मानवली होती. त्यामुळे एका फेरीत दोन कामं व्हायची. बटण खाली आहे, छाती वरखाली होतेय.

शांततेचा धसका टेगनला दोन्हीकडून होता. घरी मिलोच्या खोलीतून बराच वेळ आवाज आला नाही की तिच्या काळजात धस्स व्हायचं. इकडे रेडिओवर वीस सेकंद आवाज गेला नाही की कपाटातल्या 'शांततेची घंटी' नावाच्या यंत्राच्या काळजात धस्स व्हायचं, आणि ते आपलं आपण काहीतरी लावून द्यायचं. गेल्या वर्षी याच दिवशी, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, युद्धस्मारकावरून थेट प्रक्षेपण चालू असताना, दोन मिनिटांच्या शांततेत, बरोबर विसाव्या सेकंदाला पॉपलर बेंड गावाच्या घराघरांत टायरच्या दुकानाची जाहिरात वाजली होती. 'या हिवाळ्यात घसरू नका!' तेव्हा स्टुडिओत बसलेला माणूस आता गावच्या धान्यकोठारावर कामाला होता. टेगन त्याच्या जागेवर आली होती, आणि तिला धान्याची अ‍ॅलर्जी होती.

"आज दोन मिनिटं काही ऐकू यायला नको," स्टेशनचा मॅनेजर ऑरविल सकाळीच बजावून गेला होता. "काही म्हणजे काहीही. आलं, तर तू तुझं सामान आवर."

"सगळं तपासलंय मी."

"तपासलं त्यानंही होतं."

मग कोटावर स्मृतिदिनाचं लाल पॉपीचं फूल टोचून, कानात प्रक्षेपण ऐकायची बारीक गोळी घालून ऑरविल स्वतः स्मारकाकडे गेला. निवेदन तोच करणार होता.

टेगनची यादी चोख होती. जाहिराती कुलूपबंद. फोन बंद. घंटी बंद. फक्त एक गोष्ट यादीत नव्हती, कारण ती ऑरविलची होती आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती म्हणजे नवी पेटी.

ही पेटी ऑक्टोबरात आली. स्टेशनचा आवाज टॉवरवर जाण्याआधी हिच्या पोटातून जायचा. मोठा आवाज खाली दाबायचा, बारीक आवाज वर उचलायचा, म्हणजे गाडीत ऐकणाऱ्याला सारखं बटण फिरवावं लागत नाही, एवढंच तिचं काम. पण शेजारच्या गावचं स्टेशन आपल्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येतं, हे शल्य ऑरविलला दोन वर्षं टोचत होतं. "चॅनल बदलताना आपलं स्टेशन लागलं की माणूस सीटवर उडाला पाहिजे!" असं म्हणून त्यानं पेटीची सगळी बटणं उजवीकडे पिळली होती. त्यात एक बटण असंही होतं, जे पेटीला सांगायचं की आवाज फारच बारीक असेल तर तो बारीकच असू दे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. हे कुचकामी दिसतंय, म्हणून ऑरविलनं तेही बंद करून टाकलं.

अकराला बिगुल थांबला. ऑरविलनं गंभीर स्वरात सांगितलं, "आता दोन मिनिटं शांतता." टेगननं श्वास रोखला.

दहा सेकंद. वीस. टायरवाला आला नाही. तिनं श्वास सोडला.

तिसाव्या सेकंदाला स्पीकरमधून वारा ऐकू येऊ लागला. बरं वाटलं तिला, गवताळ प्रदेशातला खरा वारा. मग झेंड्याची दोरी खांबावर टणटणू लागली. मग कुणीतरी नाक ओढलं, तेही असं की जणू स्टुडिओतच ओढलं. टेगननं दारातून मागच्या खोलीत मिलोकडे पाहिलं. मिलो झोपला होता. तिनं कपाटातल्या पेटीकडे पाहिलं. पेटीवरचे हिरवे दिवे एकेक करत वर चढत होते. सगळ्या गावानं मान खाली घातली होती आणि पेटी तेवढी इमानेइतबारे शोधत होती, आता काय उचलू?

तिला महापौर सापडले.

"या ऑरविलचा कोट बघ," महापौर बायकोच्या कानात कुजबुजले, आणि ते वाक्य बातम्यांइतक्या मोठ्या आवाजात सगळ्या तालुक्यात गेलं. "लग्नातला दिसतोय. आणि लग्नात हा जाड नव्हता."

स्मारकाभोवती म्हातारी मंडळी थंडीमुळे आपापल्या ट्रकमध्ये हीटर लावून, काचा बोटभर खाली करून, रेडिओ चालू ठेवून बसायची. अशा चौदा ट्रकांतून महापौरांचा आवाज परत बाहेर आला. बायकोनं त्यांना कोपर मारलं. कोपरही ऐकू आलं.

कानातल्या गोळीत हे सगळं ऐकून ऑरविलच्या तोंडचं पाणी पळालं. पण शांतता मोडायची कशी? त्यानं मायकपासून तोंड फिरवलं आणि शक्य तितक्या हळू म्हणाला, "टेगन, बंद कर ते! टेगन!"

चौदा ट्रक एका सुरात म्हणाले, "टेगन, बंद कर ते! टेगन!"

टेगनचा हात आवाजाच्या पट्टीवर गेला. खाली ओढली की संपलं. निखळ शांतता, ऑरविलला हवी तशी, आणि नोकरीही शाबूत. तेवढ्यात स्पीकरमधून एक थकलेला, घोगरा आवाज आला.

"रसेल, आलो बघ."

एमिल टकाचुक. त्र्याण्णव वर्षांचे, कोरियाच्या युद्धातून परतलेले, गावात उरलेले एकटेच. मायकच्या शेजारचा मान त्यांचा असायचा. थंडीत श्रवणयंत्र शिट्टी मारतं म्हणून ते काढून खिशात ठेवायचे, त्यामुळे चौदा ट्रकांचा त्यांना पत्ताच नव्हता. दरवर्षी त्या दोन मिनिटांत त्यांचे ओठ हलायचे, आणि गाव म्हणायचं, प्रार्थना करताहेत.

"थंडी यंदा बेताची आहे," एमिल सांगत होते. "डावा गुडघा बदलला. आता उजवा रुसलाय. हॉकीचं काही विचारू नकोस, लाज वाटते. माझ्या इर्माला जाऊन चार वर्षं झाली. भेटली तर तिला सांग, पेरोगी मला जमत नाहीत. कणीक फाटते. बटाटे पाण्यात तरंगतात."

टेगनचा हात पट्टीवर तसाच होता. तिला हसू येत होतं.

"शाळेतली पोरं परवा विचारत होती, तुम्ही काय शौर्य केलंत? मास्तरीण कौतुकानं बघत होती. मी म्हटलं, आता आठवत नाही. खोटं बोललो. आठवतंय. गोळी आली, मी वाकलो, रसेल. तू वाकला नाहीस. एवढंच झालं. माझ्या मुलालाही हे मी कधी सांगितलं नाही."

स्मारकापाशी कुणी नाकसुद्धा ओढलं नाही. पट्टी खाली ओढायला हवी होती. हे आपल्यासाठी नाही, गावासाठी नाही, हे टेगनला पुरतं कळत होतं. पण मधेच तोडणं म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. ती ठरवतेय तोवर दोन मिनिटं संपली. बिगुल मोठ्यानं वाजला, पेटीनं दचकून त्याला मानगुटीला धरून दाबलं, आणि राष्ट्राचा बिगुल बादलीत वाजल्यासारखा ऐकू आला.

तासाभरानं दार उघडलं. पुढे ऑरविल, मागे काठी टेकत एमिल. त्यांच्या एका हातात माजी सैनिकांच्या हॉलमधलं अंड्याचं सँडविच होतं, कानात श्रवणयंत्र परत बसलेलं होतं.

"हॉलमध्ये सगळे माझ्याशी फार गोड वागताहेत," एमिल म्हणाले. "कॉफीला तिघं धावले. एक बाई पेरोगी शिकवायला येते म्हणाली. मी विचारलं, काय झालंय? मग या गृहस्थानं सांगितलं."

"चूक माझी आहे, आजोबा," टेगन म्हणाली. "मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही."

"बघा, कबूल करतेय!" ऑरविल म्हणाला. "पेटीनं तिचं काम केलं. काका, आता तुम्हीच सांगा, हिचं काय करायचं? तुम्ही म्हणाल तसं."

एमिल खुर्चीत बसले. "आधी मला ऐकू दे, मी काय बोललो ते."

स्टेशनवरून जे जे हवेत जातं ते नियमानं महिनाभर जपून ठेवावंच लागतं. टेगननं ते काढलं, हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट बसवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ऑरविलही आपला कोट सावरत छताकडे बघत राहिला. एमिलनं सगळं ऐकलं. मग बोटानं खूण केली, परत लाव. दुसऱ्यांदा ऐकताना सँडविच तसंच हातात राहिलं.

मग हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"माझा मुलगा उद्या रेजायनाहून येतोय," ते म्हणाले. "त्यानं हे ऐकायला हवं. मला तोंडानं सांगता येणार नाही, हे एकदा सांगून झालंय तेच बरं. ही मुलगी असेल ना उद्या इथे, लावून द्यायला?"

ऑरविलनं टेगनकडे पाहिलं, एमिलकडे पाहिलं.

"असेल," तो म्हणाला.

एमिल काठीवर भार देत उठले. दारापाशी पोचले आणि तिथेच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली.

"पोरी, गुडघ्याचं मी रसेलला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. हॉकीचं तर दरवर्षीच सांगतो. मला वाटायचं, मी केवढं काय काय बोलतो." त्यांनी मान हलवली. "बिचारा रसेल! इतकी वर्षं तेच तेच ऐकतोय, आणि एकदाही म्हणाला नाही, की एमिल, हे झालं सांगून."