काळ्या डोक्याचा बाप आणि त्याचे आठ मुलगे

मी आता जे सांगणार आहे त्यावर या बाकावरच्या एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि दोष तुमचा आहे. सत्य पचवायला पोट लागतं. जुनी गिऱ्हाइकं मला ओळखतातच, नव्यांसाठी सांगतो. वय एकाहत्तर. नजर घारीची, कान सशाचे, आणि डोक्यावरचे हे केस बघा, जन्मजात काळेभोर! बुद्धी सतत वापरात असली की केसांना पिकायला सवड मिळत नाही. आजवर एकशे चौदा प्रकरणं हाताळली, त्यांतली एकशे तेरा सुटायच्या बेतात आहेत.

"अहो, आटपा. डॉक्टरांनी चारला बोलावलंय," दारातल्या खुर्चीवरून आमची ही म्हणते.

थोर माणूस होणं सोपं, त्याची बायको होणं अवघड. असो.

तर प्रकरण याच सलूनमधलं. तो खिडकीपाशी पिंजरा दिसतोय ना, त्यात फिंच आहेत. मुठीत मावेल एवढा पक्षी. पाठ हिरवी, पोट पिवळं. नराची छाती गर्द जांभळी, मादीची फिकट. जोडी आणली तेव्हा दोघांची डोकी लालभडक होती. पिंजऱ्याचं सगळं बघते ती आपल्या सलूनवाल्याची थोरली बहीण, म्हणजे आपली ताई. नवरा गेल्यापासून ती दुकानामागच्या खोलीत राहते.

गेल्या वर्षी पिल्लं झाली आठ. चार नर, चार माद्या, अगदी पंगतीत वाढल्यासारखी. यंदा झाली नऊ. अंगावर रंग चढला तेव्हा कळलं, आठ नर आणि मादी एकच! पक्षी पाळणारे जोडी मागतात हो. आठ ब्रह्मचारी कोण नेणार?

सलूनवाला तापला. म्हणाला, "ताई माद्या बाहेरच्या बाहेर विकते आणि बाजारातले नर आणून ठेवते. शनिवारी चावी ठेवायची आणि खोली रिकामी करायची."

आज शनिवार. ती बघा चावी, पावडरच्या डब्याशेजारी. आणि ती बघा ताई, मान खाली घालून पक्ष्यांचे दाणे पाखडतेय. माझ्या निकालावर तिचं छप्पर अवलंबून आहे.

तपास मी हाती घेतला. दिला कुणी नव्हता, पण कर्तव्य वाट बघत नाही.

पहिला संशय मांजरावर.

"काका, मांजर छातीचा रंग बघून खातं का?" ताईने विचारलं.

"एकेक मांजर चोखंदळ असतं," मी म्हणालो. दोन दिवस त्याच्या मागावर होतो. त्याने मला तीनदा ओरबाडलं. मनात पाप नसतं तर ओरबाडलं असतं का?

दुसरा संशय समोरच्या सलूनवाल्यावर. खोटी मिशी लावून त्याच्याकडे दाढीला बसलो. त्याने दाढी केली आणि मिशीही उडवली. पुरावा नष्ट करण्यात असा तरबेज माणूस मी पाहिला नाही.

मधेच आपल्या सलूनवाल्याने एक फालतू शंका काढली होती. "काका, नराचं लाल डोकं काळं कसं पडलं हो?"

"वय," मी म्हणालो. "माणूस म्हातारपणी पांढरा होतो, पक्षी काळा. निसर्ग तोल सांभाळतो." त्याला पटलं. तपासाची काही दारं लगेच लावून घ्यावी लागतात.

गुरुवारी दाणेवाला पोतं टाकायला आला. त्याने पिंजऱ्यात डोकावलं आणि म्हणाला, "ताई, जोडी विजोड लावलीत की! मादी लाल, नर काळा. या जातीत डोक्यांचे रंग जुळले नाहीत तर मादी नर पिल्लंच जास्त काढते. अशा जोडीच्या लेकी फारशा तगत नाहीत, ते तिला आधीच उमगतं म्हणे. संशोधकांनी लाल नराचं डोकं काळं रंगवून बघितलंय. मादी रंग बघून फसते."

"रंगवून?" ताईने पाखडणं थांबवलं. नराला अलगद मुठीत घेतलं आणि डोक्यावर फुंकर मारली. "मुळाशी लाल! नवी पिसं लाल येतायत. वरचा हा कलप आहे."

जिचा जन्म सलून झाडण्यात गेला, तिला कलप ओळखायला भिंग लागत नाही. माझं भिंग मी खिशात ठेवलं.

झालं, चोरीचा आरोप गेला. पण भाऊ कसला ऐकतो! "म्हणजे पिंजऱ्यात कलप तूच सांडलास! चावी राहू दे तिथेच."

ताई म्हणाली, "मी नाही सांडला. मागे एका सोमवारी दाणे घालायला आले, तर पिंजऱ्यात आंघोळीच्या वाटीशेजारी दुसरीच वाटी. बाहेर काळे ओघळ. दुकानातली म्हणून मी घासून ठेवली. काका तेव्हा इथेच होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून."

"थंडी होती," मी म्हणालो.

"पंखा चालू होता, काका."

पंख्यामुळेच थंडी होती. आता मंडळी, तर्क ऐका आणि शिका. सोमवारी दुकान बंद. चाव्या तीन. एक सलूनवाल्याची, तो सोमवारी सासुरवाडीला. एक ताईची. आणि एक माझी, सोमवारच्या पहाऱ्यासाठी खास मागून घेतलेली. कुणीतरी गुपचूप कलप कालवत होतं. पावलं वाजली तशी त्याने वाटी लपवायला जागा शोधली, आणि हाताशी पिंजरा होता. नराने ती आंघोळीचीच वाटी समजून डोकं बुडवलं. पहारेकरी संशयाच्या पलीकडे असतो, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मग उरलं कोण? मला जड अंतःकरणाने सांगावं लागतंय की ताईने—

"अहो." आमची ही खुर्चीतून उठते. "जन्मजात काळे ना केस तुमचे?"

"म्हणजे काय!"

"मग दर सोमवारी तुमच्या उशीच्या अभ्र्याला लागते ती काय, बुद्धी?"

बाक हसायला लागतो. सलूनवाला हसत नाही. पावडरच्या डब्याशेजारची चावी उचलतो आणि बहिणीच्या हातात ठेवतो. तिच्याकडे बघायचं मात्र टाळतो.

ताई सूप खाली ठेवते, माझ्या खुर्चीमागे येते आणि भांगावर अलगद फुंकर मारते.

"मुळाशी पांढरं," ती म्हणते. "काका, तुमची चावी द्या."