फलनाची रजा

पन्नाशी ओलांडलेल्या हेडक्लार्कबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, ‘घरी फलनाचे काम आहे.’ सहाव्या मजल्यावरच्या गच्चीत त्यांनी भोपळा लावला होता. इतक्या उंच चढण्याचे कष्ट मधमाश्या घेत नसल्याने नर फुलातले परागकण ब्रशने मादी फुलाला लावावे लागत, तेही सकाळी फुलं मिटायच्या आत. सरळ ‘घरगुती काम’ लिहिलं असतं तर भागलं असतं. पण शाळेत बाईंचा भाषेत पहिला नंबर यायचा.

साहेब शब्दापाशी अडले. दुसऱ्यांच्या चुका काढण्यासाठी टेबलावर ठेवलेला शब्दकोश त्यांनी उघडला. ‘फलन : नर व मादी बीजांचा संयोग, गर्भधारणेचा आरंभ.’ साहेबांनी खाली मान घालून रजा मंजूर केली. बाब नाजूक, म्हणून फक्त एका कारकुनाच्या कानावर घातली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही नाजूक बाब सगळ्या मजल्यांवर फिरून आली.

संध्याकाळी बाईंचा नवरा दारातच वाट पाहत उभा होता. त्याचं फोनवर कुणीतरी अभिनंदन केलं होतं.

“लेकाचं लग्न तोंडावर आलंय,” तो म्हणाला. “निदान मला तरी आधी सांगायचंस.”

बाईंनी त्याला हाताला धरून वेलापाशी नेलं. तो तिथंच खाली बसला आणि बराच वेळ हसला.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर बाईंना हसू आलं नाही. शाखाप्रमुखाच्या जागेसाठी यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. ते खोडलेलं होतं. अशा अवस्थेत जबाबदारीचं ओझं नको, असं साहेबांना मायेनं वाटलं होतं. बाईंनी पिशवीतून दोन फुलं आणि ब्रश काढून साहेबांच्या टेबलावर सगळी क्रिया करून दाखवली.

साहेबांनी पुन्हा शब्दकोश उघडला. या वेळी मागची पानंही वाचली.

“बाई, ब्रशनं करता ते परागीभवन. फलन नंतर होतं, फुलाच्या आत, आपोआप. त्याला तुमची गरज काय?”

“तसं नाही, पण...”

“म्हणजे अर्जातलं कारण खोटं. खोटं कारण देणाऱ्याला शाखाप्रमुख कसं करायचं?”

कारण खरं वाटलं म्हणून खोडलेलं नाव, खोटं ठरलं म्हणून खोडलेलंच राहिलं. जागा साहेबांच्या भाच्याला मिळाली. त्याच्या अर्जात एकही अवघड शब्द नव्हता. अर्ज त्यानं केलाच नव्हता.