आपा वाट विचारतात

आमचे शेजारी आपा धुरी यांना कर्ली नदीच्या खोऱ्यातली प्रत्येक पायवाट पाठ होती, आणि तरीही दिसेल त्याला ते वाट विचारत. वायरमन म्हणून उभी हयात त्याच खोऱ्यातल्या खांबांवर चढण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर रविवारी नदीकाठाने डोंगराकडे भटकत. मी तेव्हा कुडाळला एका कारखान्यात नवा लागलो होतो. सोबतीला मला ओढून नेत.

नुसतं विचारणं एक वेळ ठीक. आपा मिळालेलं उत्तर तपासत.

"नदीकडे जाऊची वाट खंयची रे?"

"ह्या काजूच्या बागेतसून सरळ जावा."

"सरळ? आणि मधलो पाण्याचो व्हाळ काय तुझो बापूस बुजवतलो?"

"म्हायत आसा तर इचारतास कित्याक?"

"तुका म्हायत आसा काय, ता बघूक!"

मग भांडण, मग ओळख, मग चहा. दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर, मधे निळंशार पाणी, आणि आम्ही कुणाच्या तरी अंगणात हुज्जत घालत उभे. एकदा एक बाई भडकली. "आपानू, आमच्या घरात मीटर तुमीच बसवलास, आणि वाट माका इचारतास?" असं म्हणून तिने कुत्रा सोडला. आपा आंब्यावर चढले आणि फांदीवरून तिलाच विचारू लागले, "गो, आता खंयसून उतरू?"

एका रविवारी खोऱ्याच्या पार टोकाला गेलो. तिथे एकटंच घर. ओटीवर जनीआये बसलेली. डोळे गेलेले, मुलगा मुंबईला.

"आये, पलीकडच्या देवळाकडे कसा जाऊचा गो?"

म्हातारी सावरून बसली. "साकवावरसून जा. नवो बांदलेलो आसा."

नदीवरचा तो साकव, म्हणजे छोटा पूल, गेल्या पावसाळ्यातच वाहून गेला होता. आता जुंपणार, म्हणून मी ओटीपासून लांब सरकलो.

"बरा झाला सांगलंस," आपा म्हणाले. "नायतर चुकलो असतो."

"माका आता कोण कायएक इचारीत नाय रे," म्हातारी हसत म्हणाली.

आम्ही खरोखरच घराखालच्या साकवाच्या जागी गेलो. आपांनी चपला हातात घेतल्या आणि ते पाण्यात उतरले.

"आपा, तिला दिसत नाही. मागे फिरूया ना."

"ऐकाक येता तिका," आपा कुजबुजले. "पाणी वाजवू नको."

कमरेएवढ्या पाण्यात पोचलो, तोच ओटीवरून हाक आली, "मेळलो काय रे साकव?"

"मेळलो गो!" आपा ओरडले. "एकदम घट्ट आसा!"