मोहोरबंद पेटीतली कंदिलवाली

“जगात गुन्हेगार दोनच प्रकारचे असतात, वहिनी. एक, मी पकडलेले. दुसरे, मला घाबरून गुन्हाच न केलेले.”

भाऊजींनी हे भिंगातून वहिनींकडे बघत सांगितलं. पहिल्या प्रकारातला अजून एकही सापडला नव्हता, त्यामुळे दुसऱ्यात अख्खं गाव मोडत होतं. भाऊजींचं दुकान चष्मे दुरुस्तीचं. तिथं गिऱ्हाइकाचा चष्मा आठ-आठ दिवस सापडत नसे, पण दारावर पाटी होती: ‘सूक्ष्मदृष्टी गुप्तहेर सेवा’. लोक त्यांना भिंगराव म्हणत. ती त्यांना पदवी वाटे.

वहिनी म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. एरवी त्यांनी दिराला उंबऱ्याशीच थोपवलं असतं, पण या खेपेला प्रकरण गळ्याशी आलं होतं.

बालविभागात ‘कंदिलवाली’ नावाची मालिका होती. त्यातली मुलगी ‘काजळी, काजळी’ म्हणत कंदील हलवते, सावल्या उठून चालू लागतात, मांजर उलट उत्तरं देतं. सहावा भाग ती विहिरीच्या काठावर उभी असताना संपला होता आणि मुलं सातव्यासाठी जीव टाकत होती. तो आला त्याच दिवशी सद्विचार समितीनं हरकत घेतली: ही पुस्तकं चेटूक शिकवतात, मुलांना धर्मापासून तोडतात. समितीत अकरा जण. पुस्तक एकानंही वाचलेलं नव्हतं. वाचलं तर मन बाटतं, आणि न वाचताच सगळं कळतंय तर वाचायचं कशाला, असा त्यांचा बिनतोड सवाल.

रविवारी बाई रजेवर असताना समितीचे स्वयंसेवक आले. चित्रं नजरेला पडू नयेत म्हणून त्यांनी सातही भागांना खाकी कागद चढवला. नाव लिहिलं नाही, कारण पापाचं नाव हातानं कसं लिहायचं? त्याच टेबलावर, त्याच कागदानं त्यांनी ‘सन्मार्गमाले’चे सात भागही गुंडाळले. हे समितीचं स्वतःचं पवित्र प्रकाशन. अध्यक्षमहाराज त्यातून रोज संध्याकाळी प्रवचन करणार होते. मग पापाचा गठ्ठा पेटीत गेला, पुण्याचा महाराजांकडे, आणि पेटीला कुलूप लावून वर लाखेची मोहोर.

दहा दिवसांत गल्लीतली पोरं ओरडत पळू लागली, “काजळी, काजळी, सावली सोड! कंदिलवाली विहिरीत पडली!”

सहाव्यात ती पडलेली नव्हती. म्हणजे सातवा भाग फुटला होता, आणि मोहोर तर जशीच्या तशी! समितीला अर्थ लागायला वेळ लागला नाही. बाईंकडे दुसरी किल्ली असणार. शनिवारच्या सभेपर्यंत खुलासा करा, नाहीतर बालविभागाची चावी द्या आणि घरी बसा.

बावीस वर्षं बाईंनी ती चावी पदराला बांधली होती.

भाऊजींनी तपास सुरू केला. पहिला सिद्धांत वाळवीचा: तिनं अक्षरं वाहून नेली. दुसरा असा की पेटीला चोरतळ आहे. पेटी उलटी करून त्यांनी दिवसभर ठोकली. तळ एकच निघाला, अंगठा मात्र दुप्पट झाला. तिसरा सिद्धांत थेट घरात शिरला.

“वहिनी, तुम्ही झोपेत चालता का?”

“भाऊजी, तुमची उस्तवार करून झोपायलाच मिळत नाही, चालू कधी?”

“म्हणजे जाग्या असता.” वहीत नोंद झाली. “संशय बळावला.”

एवढ्यात सासूबाई चपला शोधत बाहेर आल्या. “मी निघाले प्रवचनाला. उशीर झाला की पुढं जागा मिळत नाही. हल्ली पोरंसोरंसुद्धा येऊन बसतात बाई, हलत नाहीत.”

“आई, तपासात लुडबूड नको,” भाऊजी गरजले.

शनिवारी सभागृह भरलं. महाराज व्यासपीठावर, मांडीवर प्रवचनाचा खाकी ग्रंथ. भाऊजींनी सर्वांसमक्ष मोहोर फोडली, वरचं पुस्तक उचललं आणि भिंग लावलं.

“ऐका, काय विष आहे ते! ‘तो पुरुष नदीवरून चालत गेला. वाटेत सर्प बोलला. त्यानं बोट लावताच दगडाची भाकरी झाली.’”

“चेटूक!” कोषाध्यक्ष ओरडले.

“पुढं आहे. ‘मेलेला बैल उठून उभा राहिला.’”

महाराजांनी कानांवर हात ठेवले. “पुरे! ऐकवत नाही. हे लिहिणाऱ्याला देव माफ करणार नाही. जाळा सगळी!”

अकराही हात वर गेले. बाईंनी पदराची गाठ सोडायला घेतली.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. “अरे, पण यात कंदिलवाली कुठंय?”

“आई, खाली बस!”

“तू गप रे. रोज ऐकतेय मी. मांजर उलट बोलतं, सावल्या चालतात, परवा ती विहिरीत पडली. महाराजांनी सांगितलं ना, कंदील म्हणजे आत्मा, मांजर म्हणजे अहंकार? रडले मी. हा मेलेला बैल कुणाचा?”

बाईंची बोटं थांबली. त्या उठल्या, दिराच्या हातातलं पुस्तक घेतलं, पहिलं पान उघडलं आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा स्वरात वाचलं:

“‘सन्मार्गमाला, भाग पहिला. प्रस्तावना: अध्यक्षमहाराज. यातला शब्द न् शब्द मी स्वतः तपासला आहे.’”

कोषाध्यक्षांनी वर गेलेला हात डोकं खाजवण्याच्या कामी लावला. उरलेल्या दहांनाही अचानक डोक्यात खाज सुटली.

“माझा चौथा सिद्धांत नेमका हाच होता,” भाऊजी म्हणाले.

बाईंनी गाठ पुन्हा करकचून बांधली. “महाराज, ते मांडीवरचं पुस्तक बालविभागाचं आहे. द्या इकडे.”

महाराजांचा हात पुस्तकावरून हलेना. पुढच्या रांगेत पोरं मांडी घालून बसली होती, मागं त्यांच्या आज्या.

“आत्ता कुठं नेतेस गं?” सासूबाई सुनेवर खेकसल्या. “ती विहिरीत आहे अजून!”

महाराजांनी एकदा समितीकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. मग चष्मा पुसला आणि खूण घातलेलं पान उघडलं.